बाई पंतप्रधान झाली
(सिरिमावो भंडारनायके यांची हकिकत)

लंका म्हटले की आपल्याला रामायण आठवते. रावण आठवतो, अशोकवन आठवते, हनुमंताने लावलेली आग आठवते. पण आजच्या लंकेची गोष्ट आपल्या कानांवर फार कमी येते. आज ती आपण वाचू.

लंका हे बेट आहे. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली जमीन. आपल्या देशाच्या दक्षिणेला रामेश्वर आहे. रामेश्वरापुढे धनुष्कोडी लागते. तेथून समुद्र ओलांडला की लंका. मधले पाणी साधारण ३० किलोमीटर. आपल्या महाराष्ट्राचे पाच भाग केले, तर त्यांतल्या एका भागापेक्षा थोडा मोठा असा हा देश. इंग्रजांच्या राज्यात त्याला सिलोन म्हणत. १९७२ सालापासून श्रीलंका हे नाव रूढ झाले.

या बेटावर १९६० साली एक नवल घडले. एक बाई देशाची पंतप्रधान झाली. त्याआधी जगात कोणत्याही देशात बाई पंतप्रधान झाली नव्हती.

कोणी म्हणेल, यात नवल ते काय? आपल्याकडे अहिल्याबाई होळकरांनी राज्य केले. ताराबाईंनी केले. झाशीची राणी लढली. खरे आहे. पण राणीला गादी घराण्यातून मिळत असे. पंतप्रधानकी तशी मिळत नाही. गावोगावच्या लोकांनी मते द्यावी लागतात. मतांच्या जोरावर एक बाई देशाचा कारभार हाती घेते, हे जग पहिल्यांदाच पाहत होते. त्या बाईंचे नाव सिरिमावो भंडारनायके.

त्यांनी चांगली कामे केली. त्यांच्या हातून अन्यायही झाले. आपण बाजारात ताजव्याची दोन्ही पारडी पाहतो, तशी येथेही दोन्ही पाहू.

मताचा हक्क आधी आला

गोष्ट समजायला थोडे मागे जायला हवे.

लंकेत मुख्य भाषा दोन. एक सिंहली, दुसरी तमिळ. चारांतले सुमारे तीन लोक सिंहली बोलणारे, आणि ते बहुतेक बौद्ध. तमिळ बोलणारे मुख्यतः हिंदू. शिवाय मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत.

पूर्वी तेथे मत देण्याचा हक्क फार थोड्यांना होता. ज्याच्याजवळ पैसा, जमीन वा शिक्षण, त्यालाच मत. बाईला मत नाहीच. काही शिकलेल्या बायांनी एकत्र येऊन मागणी केली, की आम्हांलाही मत द्या. १९३१ साली नवा कायदा झाला. २१ वर्षांवरील पुरुष आणि बाई, दोघांनाही मत मिळाले. मग तो गरीब असो की श्रीमंत, लिहिणारा असो की अंगठा उठवणारा.

आपल्या देशात सर्वांना मत १९५० च्या राज्यघटनेने मिळाले. म्हणजे लंकेतल्या बाया या बाबतीत आपल्या १९ वर्षे पुढे होत्या. त्याच १९३१ साली अडेलीन मोलमुरे नावाच्या बाई निवडून आल्या आणि तेथल्या कायदेमंडळात जाऊन बसल्या. वाट तेव्हाच पडली होती. पण बाई पंतप्रधान होईपर्यंत आणखी २९ वर्षे गेली.

माहेर आणि सासर

सिरिमावोबाईंचा जन्म १७ एप्रिल १९१६ चा. गाव रत्नपूर भागातले. हा डोंगराळ मुलूख. माहेरचे आडनाव रतवत्ते. घराणे जुने, जमीनजुमला मोठा. सहा भावंडांत त्या सगळ्यांत थोरल्या. शिक्षण कोलंबो शहरात झाले. शाळा ख्रिस्ती जोगिणींची होती. पण सिरिमावोबाई बौद्धच राहिल्या.

शाळा संपल्यावर पुढे काय? त्या काळी मोठ्या घरच्या मुलीने घरात बसायचे आणि लग्नाची वाट पाहायची. सिरिमावोबाई मात्र आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. कोठे औषध पोचव, कोठे धान्य पोचव, असे काम त्या करीत.

१९४० साली त्यांचे लग्न झाले. नवरा सॉलोमन भंडारनायके. हे विलायतेत शिकलेले, चांगले बोलणारे, राजकारणात मुरलेले गृहस्थ. लग्नाच्या वेळी ते मंत्री होते. संसारात दोन मुली आणि एक मुलगा झाला. घरी माणसांची सारखी ये-जा. आल्यागेल्याचे चहापाणी, जेवणखाण, सारे सिरिमावोबाई पाहत. बाहेरचे लोक म्हणत, मंत्र्याची बायको, घर सांभाळते.

पण त्यांचे आणखी एक काम होते. लंकेत 'लंका महिला समिती' नावाची खेड्यांतल्या बायांची संस्था होती. १९४१ साली त्या तिच्यात गेल्या. गावात बायांना एकत्र करायचे. भाजीपाला जास्त कसा पिकवावा, मुले निरोगी कशी ठेवावी, मुलींना शाळेत का घालावे, हे समजावून सांगायचे. काही वर्षे त्यांनी समितीचा पैशाचा हिशेब सांभाळला. पुढे त्या तिच्या अध्यक्षही झाल्या. या कामासाठी त्या खेडोपाडी हिंडल्या. चूल कशी पेटते, विहीर किती लांब आहे, हे त्यांना कागद न वाचता कळू लागले. हे शिक्षण पुढे उपयोगी पडले.

घरावर घाला

१९४८ साली लंका स्वतंत्र झाली. १९५१ साली सॉलोमन भंडारनायके यांनी स्वतःचा पक्ष काढला. त्याचे नाव श्रीलंका स्वातंत्र्य पक्ष. १९५६ च्या निवडणुकीत त्यांनी लोकांना सांगितले, की आम्हांला निवडून द्या, सिंहली ही एकच सरकारी भाषा करू. त्यांचा पक्ष जिंकला. ते पंतप्रधान झाले. तसा कायदाही लगेच झाला.

इंग्रजी जाऊन आपली भाषा आली, म्हणून सिंहली लोकांना आनंद झाला. पण तमिळ बोलणाऱ्यांचे काय? त्यांच्या डोक्यावर आधी इंग्रजी होती, आता सिंहली बसली. १९५७ साली सॉलोमन यांनी तमिळ पुढाऱ्यांशी समझोता केला. पण त्यांच्याच बाजूचे लोक चिडले आणि १९५८ साली तो समझोता त्यांना मोडावा लागला. दंगे झाले, माणसे मेली.

२५ सप्टेंबर १९५९ चा दिवस. सॉलोमन भंडारनायके आपल्या घरी भेटीला आलेल्या लोकांशी बोलत होते. एक बौद्ध भिक्षू भेटीला आला होता. त्याने जवळचे पिस्तूल काढले आणि गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान वारले. सिरिमावोबाईंचे वय तेव्हा ४३. धाकटा मुलगा दहा वर्षांचा.

'बाईला काय कळते?'

नवरा गेला, पक्ष पोरका झाला. मार्च १९६० मध्ये निवडणूक झाली. कोणालाच पुरेशा जागा मिळाल्या नाहीत. नवे सरकार महिनाभरही धड टिकले नाही. जुलैमध्ये पुन्हा निवडणूक ठरली. पक्षाच्या लोकांनी सिरिमावोबाईंना गळ घातली, की आता तुम्हीच पुढे व्हा. त्यांनी आधी आढेवेढे घेतले. शेवटी मे महिन्यात त्या पक्षाच्या प्रमुख झाल्या.

विरोधकांनी चेष्टा सुरू केली. रडून मते मागणारी विधवा, असे त्यांना नाव ठेवले. स्वयंपाकघर सोडून हिला काय येते, असे म्हटले. खुद्द पक्षातही काहींचा हिशेब निराळा होता. बाई नावाला पुढे राहील आणि कारभार आपण करू, असे त्यांना वाटत होते.

सिरिमावोबाई गावोगाव फिरल्या. सभेत नवऱ्याच्या जुन्या भाषणांच्या ध्वनिफिती लावीत. नवऱ्याचे अपुरे काम पुरे करीन, असे सांगत. लोक मोठ्या संख्येने येत. निकाल लागला, तेव्हा त्यांच्या पक्षाला १५१ पैकी ७५ जागा मिळाल्या. दुसरा कोणताही पक्ष त्यांच्या जवळपास नव्हता.

२१ जुलै १९६० रोजी त्यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. त्या स्वतः निवडणुकीला उभ्या राहिल्या नव्हत्या. लंकेत तेव्हा सिनेट नावाचे वरचे सभागृह होते. त्या त्याच्या सभासद झाल्या आणि तेथून त्यांनी कारभार पाहिला.

नवऱ्याचे नाव नसते, तर त्यांना ही संधी मिळाली असती का? बहुधा नाही. हे मान्य करायला हवे. पण नावाने दार उघडते. आत गेल्यावर काम स्वतःलाच करावे लागते. बाहुली हवी असलेल्या लोकांना लवकरच कळले, की या बाई बाहुली नाहीत. त्या ठरवीत, आणि ठरले की मागे हटत नसत.

पहिली पाच वर्षे

त्यांनी काय केले, ते आता पाहू.

पहिले काम शाळांचे. चांगल्या शाळा बऱ्याचशा ख्रिस्ती मंडळींच्या हाती होत्या. पैसा मात्र सरकार देत असे. बौद्ध आणि हिंदू गरिबांची तक्रार होती, की आमच्या पोरांना तेथे मागे ठेवतात. १९६० आणि १९६१ साली सरकारने मदत घेणाऱ्या बहुतेक शाळा आपल्याकडे घेतल्या. ख्रिस्ती लोक रागावले. काही ठिकाणी आईबाप शाळेत ठाण मांडून बसले. स्वतः जोगिणींच्या शाळेत शिकलेल्या बाईंनी हे केले, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटले.

दुसरे काम तेलाचे. पेट्रोल, रॉकेल हे सारे परदेशी कंपन्या विकत. सरकारने १९६१ साली आपले तेल महामंडळ काढले आणि पुढे कंपन्यांचा धंदा ताब्यात घेतला. भरपाई वेळेवर दिली नाही म्हणून अमेरिकेने १९६३ साली मदत बंद केली.

तिसरे काम शेजारधर्माचे. १९६२ साली चीनने आपल्या देशावर हल्ला केला. तेव्हा सिरिमावोबाईंनी डिसेंबरमध्ये सहा देशांची बैठक कोलंबोला बोलावली. भांडण मिटावे म्हणून बैठकीत काही सूचना ठरल्या. त्या सूचना घेऊन त्या स्वतः चीनला गेल्या आणि दिल्लीलाही आल्या. भांडण मिटले नाही. पण दोन मोठ्या देशांच्या मध्ये एका लहान बेटाची बाई समेटासाठी उभी राहिली, याची जगाने दखल घेतली.

हे सारे सुखासुखी झाले नाही. जानेवारी १९६२ मध्ये काही लष्करी आणि पोलीस अधिकाऱ्यांनी सरकार उलथण्याचा कट केला. तो वेळेवर फुटला आणि फसला.

मग डिसेंबर १९६४ आला. सरकार मोठी वर्तमानपत्रे ताब्यात घेणार, असे ठरत होते. पक्षातल्याच काही लोकांना ते पटले नाही. ते उठून विरोधकांकडे गेले. मतदान झाले. सरकारच्या बाजूने ७३ मते पडली, विरुद्ध ७४. एका मताने सरकार पडले! एका मताने काय होते, असे आपण म्हणतो ना? हे असे होते.

भाषेची ठेच

आता दुसरे पारडे पाहू.

सिंहली हीच सरकारी भाषा, हा नवऱ्याच्या वेळचा कायदा सिरिमावोबाईंनी १ जानेवारी १९६१ पासून कडकपणे लागू केला. तुम्ही आताच अक्षरे शिकलात. म्हणून हे तुम्हांला चटकन कळेल. समजा, उद्या तुम्ही तलाठ्याकडे गेलात. सातबारा हाती मिळाला, आणि तो तुम्हांला न येणाऱ्या भाषेत लिहिलेला निघाला. तुम्ही शिकलेली अक्षरे काय कामाची? शिकलेला माणूस एका दिवसात अडाणी होतो. तमिळ माणसाचे तसे झाले. तमिळ नोकरदाराला सांगितले, की सिंहली शीक, नाहीतर बढती विसर.

लंकेच्या उत्तरेला जाफना नावाचे तमिळ शहर आहे. तेथे १९६१ साली लोकांनी सत्याग्रह केला. कचेऱ्यांच्या दारांत शांतपणे बसून राहिले. बायाही बसल्या. सरकारने आणीबाणी पुकारली, लष्कर पाठवले, पुढाऱ्यांना पकडले. सत्याग्रह मोडला. मनातला सल मात्र राहिला.

मळ्यावरचे मजूर

लंकेच्या डोंगरांत चहाचे मळे आहेत. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी तमिळनाडूतून गरीब मजूर तेथे नेले. आधी कॉफीसाठी, पुढे चहासाठी. पाने खुडायला मुख्यतः बाया. पाठीवर टोपली, पायांत काही नाही, राहायला एका खोलीची चाळ. त्यांची मुले तेथेच जन्मली, नातवंडेही तेथेच.

पण लंका स्वतंत्र झाल्यावर १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांचे नागरिकत्व नाकारले. नागरिकत्व म्हणजे 'हा आमच्या देशाचा माणूस' अशी सरकारची कबुली. ती नाही म्हणून मतही गेले. भारत म्हणे, ते तुमचे. लंका म्हणे, ते तुमचे. घाम गाळणारा माणूस कोणाचाच नाही!

सिरिमावोबाईंनी हा प्रश्न हाती घेतला. आपले पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि त्या दिल्लीत बसल्या. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी करार झाला. अशी माणसे ९,७५,००० धरली. त्यांतली ५,२५,००० भारताने घ्यायची, ३,००,००० लंकेने ठेवायची. उरलेल्या १,५०,००० चे पुढे पाहायचे. १९७४ साली इंदिरा गांधी आणि सिरिमावोबाई यांनी ती अर्धी अर्धी वाटून घेतली. ७५,००० इकडे, ७५,००० तिकडे.

हिशेब बरोबर जमला. पण ज्यांची वाटणी झाली, त्यांना कोणी विचारले का? नाही. धान्याची पोती वाटावी तशी माणसे वाटली. कितीतरी लोकांनी भारत कधी पाहिलाही नव्हता. ते बोटीत बसले आणि अनोळखी गावी उतरले. कोठे भाऊ तिकडे राहिला, बहीण इकडे आली. जे मागे उरले होते, त्यांतले पुष्कळ जण कागदाविना तसेच राहिले. त्यांचा प्रश्न २००३ च्या कायद्याने सुटला.

प्रश्न सोडवण्याची हिंमत बाईंनी दाखवली, हे खरे. मजुरांच्या मनाचा विचार दोन्ही सरकारांनी केला नाही, हेही खरे.

दुसऱ्यांदा पंतप्रधान

१९६५ च्या निवडणुकीत पक्ष हरला. पण सिरिमावोबाई अत्तनगल्ल येथून स्वतः निवडून आल्या. पाच वर्षे त्यांनी विरोधी पुढारी म्हणून काम केले. १९७० मध्ये त्यांनी डाव्या पक्षांना बरोबर घेऊन निवडणूक लढवली आणि मोठ्या बहुमताने जिंकली.

वर्ष होते न होते तोच संकट आले. एप्रिल १९७१ मध्ये खेड्यांतल्या तरुणांनी बंड केले. शिकले होते, पण नोकरी नव्हती. त्यांनी एकाच रात्री ठिकठिकाणच्या पोलीस चौक्यांवर हल्ले केले. सरकारने बंड मोडले. त्यासाठी भारतासह कितीतरी देशांची मदत घेतली. हजारो तरुण मेले. ते बहुतेक सिंहली शेतकऱ्यांचीच पोरे होती.

२२ मे १९७२ रोजी नवी राज्यघटना आली. इंग्लंडच्या राणीचा उरलासुरला संबंध संपला. देश प्रजासत्ताक झाला. पण त्याच घटनेत बौद्ध धर्माला पहिले स्थान दिले आणि सिंहलीची जागा आणखी पक्की केली. कॉलेजातल्या प्रवेशाचे नियमही असे झाले, की तमिळ मुलाला जास्त गुण लागत. उत्तरेकडच्या तरुणांना वाटू लागले, की येथे आपल्याला जागा नाही.

१९७२ सालीच जमिनीचा कायदा झाला. कोणाही माणसाला ५० एकरांहून जास्त जमीन ठेवता येणार नाही. भाताची जमीन असेल, तर २५ एकरांहून जास्त नाही. सिरिमावोबाईंच्या स्वतःच्या घराण्याची जमीनही या कायद्यात गेली. दुसऱ्याला कायदा लावताना स्वतःला वगळले नाही, ही गोष्ट त्यांच्या बाजूच्या पारड्यात टाकली पाहिजे. १९७५ साली कंपन्यांचे चहामळेही सरकारने घेतले.

पण पोटाचा प्रश्न बिकट झाला. १९७३ नंतर जगात तेल आणि धान्य महाग झाले. बाहेरून माल आणायला पैसा नव्हता. रेशनचा तांदूळ कमी केला. एका भागातून दुसऱ्या भागात तांदूळ नेण्यावर बंधने आली. पावासाठी रांगा लागल्या. ज्या बाया १९६० साली भरभरून मते देऊन गेल्या, त्याच आता रिकामी पिशवी घेऊन रांगेत उभ्या होत्या.

ऑगस्ट १९७६ मध्ये कोलंबोला अलिप्त देशांची मोठी परिषद झाली. अलिप्त देश म्हणजे अमेरिका आणि रशिया यांच्या गटांपासून दूर राहिलेले देश. सिरिमावोबाई अध्यक्ष होत्या. बाहेर त्यांचा मान वाढला. घरात मात्र लोक नाराज होते.

लोकांनी उतरवले

१९७० साली लोकांनी पाच वर्षांसाठी निवडले होते. म्हणजे १९७५ मध्ये निवडणूक यायला हवी. पण नव्या घटनेच्या आधाराने सरकारने मुदत दोन वर्षांनी वाढवून घेतली. लोकांना न विचारता!

जुलै १९७७ मध्ये निवडणूक झाली. लोकांनी हिशेब चुकता केला. १६८ जागांपैकी सिरिमावोबाईंच्या पक्षाला फक्त ८ मिळाल्या.

पुढे नव्या सरकारने चौकशी नेमली. सत्तेचा गैरवापर केला असा ठपका ठेवून १९८० साली त्यांचे नागरी हक्क सात वर्षांसाठी काढून घेतले. त्यांना संसदेतून जावे लागले. निवडणुकीला उभे राहता येईना. पुष्कळांना वाटले, की यात न्यायापेक्षा विरोधकाला वाटेतून दूर करण्याचाच हेतू जास्त होता. १९८६ च्या आरंभी हे हक्क परत मिळाले.

दरम्यान १९८३ पासून तमिळ आणि सिंहली यांच्यात उघड युद्ध पेटले. ते २००९ पर्यंत चालले. कितीतरी घरे उद्ध्वस्त झाली. या युद्धाला एकटी बाई कारण नव्हती. आधीच्या आणि नंतरच्या पुरुष पुढाऱ्यांचाही त्यात मोठा वाटा आहे. पण शेजाऱ्याच्या भाषेला दारातून हाकलले, तर पुढे काय होते, ते लंकेने पाहिले. तमिळला सरकारी भाषेचा मान १९८७ च्या घटनादुरुस्तीने मिळाला. तोवर फार उशीर झाला होता.

शेवटचे मत

सिरिमावोबाई खचल्या नाहीत. १९८८ साली त्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि हरल्या. १९९४ साली त्यांची मधली मुलगी चंद्रिका राष्ट्राध्यक्ष झाली. तिने आईला पंतप्रधान नेमले. आता मुख्य अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे होते. लेकीच्या हाताखाली आईने काम केले. अशी ही तिसरी पंतप्रधानकी.

प्रकृती साथ देईना. १० ऑगस्ट २००० रोजी त्यांनी पद सोडले. बरोबर दोन महिन्यांनी, १० ऑक्टोबर २००० रोजी, देशात निवडणूक होती. वय ८४. तरी त्या मत द्यायला गेल्या. मत दिले, गाडीत बसल्या आणि कोलंबोकडे परत निघाल्या. वाटेतच हृदयविकाराचा झटका आला आणि त्या वारल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी केलेले काम म्हणजे मतदान.

आपण काय घ्यावे?

सिरिमावोबाईंच्या मागून इतर बाया पुढे आल्या. १९६६ साली आपल्याकडे इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या. १९६९ साली इस्रायलमध्ये गोल्डा मेयर झाल्या. लंकेतच २०२४ साली हरिणी अमरसूर्य पंतप्रधान झाल्या. 'बाईला काय कळते' हा प्रश्न आता कोणी उघडपणे विचारीत नाही.

पण गावात तो निराळ्या तोंडाने येतो. आपल्याकडे १९९३ पासून ग्रामपंचायतीत बायांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. तरी कोठे कोठे काय दिसते? पाटीवर नाव बाईचे, खुर्चीवर नवरा. बाईने सही करायची आणि कागद न वाचता परत द्यायचा. सिरिमावोबाईंनाही अशीच बाहुली करायचे ठरले होते. त्यांनी होऊ दिले नाही. ज्या बाईला वाचता येते, तिला बाहुली करणे अवघड. म्हणून सही करण्याआधी कागद वाचा. कळला नाही, तर विचारा.

दुसरी गोष्ट. बाई आहे म्हणून तिला हसू नये. बाई आहे म्हणून तिला माफही करू नये. कारभार करणारा पुरुष असो की बाई, तिने शाळेसाठी काय केले, रेशनचे काय केले, आणि आपल्याहून निराळी बोली बोलणाऱ्या शेजाऱ्याला कसे वागवले, हे पाहावे. दोन्ही पारडी पाहावी. मग मत द्यावे.

लंकेतल्या लोकांनी तसेच केले. त्यांनी एका विधवेला मान दिला, डोक्यावर घेतले. मुदत वाढवून बसली तेव्हा खालीही उतरवले. त्यासाठी त्यांना बंदूक लागली नाही. मतपेटी पुरली.

विचार करा आणि सांगा

१. लंकेत बायांना मताचा हक्क कोणत्या साली मिळाला? आपल्याकडे कधी?
२. खेड्यांतल्या कामाचा सिरिमावोबाईंना पुढे काय उपयोग झाला असेल?
३. एका मताने सरकार कसे पडले, ते आपल्या शब्दांत सांगा.
४. न येणाऱ्या भाषेत सरकारी कागद आला, तर तुमची काय अडचण होईल?
५. मळ्यावरच्या मजुरांची वाटणी करताना काय करायला हवे होते?
६. तुमच्या ग्रामपंचायतीत किती बाया आहेत? त्या सभेत बोलतात का? नसतील, तर का?
७. सिरिमावोबाईंचे एक चांगले काम आणि एक चूक, अशा दोन ओळी वहीत लिहा.